बोव्वारचा ग्रॅनाइट: दुर्मीळ खनिजे शिलारसातून आली की नंतरच्या तप्त पाण्यातून?

फ्रान्सच्या मध्यभागी मासिफ सेंट्रल हा जुन्या, झिजलेल्या डोंगरांचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तर अंगाला, आल्ये जिल्ह्यात, एशासिएर नावाचे छोटे गाव लागते. गावाजवळ बोव्वार येथे एकोणिसाव्या शतकापासून केओलिनची, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी लागणाऱ्या पांढऱ्या मातीची, उघडी खाण चालते. माती पाण्याने धुतली की तळाला काळसर, जड वाळू उरते. तिच्यात कथलाचे खनिज कॅसिटेराइट असते आणि नायोबियम-टँटलमचे खनिज कोलंबाइट-टँटलाइटही असते. ही वाळू जोडउत्पादन म्हणून विकली गेली आहे.

ज्या खडकाच्या कुजण्यातून ही माती झाली, तो बोव्वारचा ग्रॅनाइट. जमिनीवर दिसणारा त्याचा भाग एक चौरस किलोमीटरही भरत नाही. तरीही उच्च विकसित, म्हणजे दुर्मीळ मूलद्रव्यांनी नेहमीपेक्षा खूप समृद्ध अशा, ग्रॅनाइटांवर काम करणारा माणूस या नावापाशी थांबतोच, कारण भूविज्ञानातला एक जुना वाद इथे बऱ्याच अंशी निकाली निघाला. लिथियम, कथील, टँटलम यांनी भरलेले असे ग्रॅनाइट शिलारसातूनच, म्हणजे वितळलेल्या खडकातूनच, तसे जन्मतात, की साधा ग्रॅनाइट थिजल्यावर खालून आलेले तप्त पाणी त्याच्या खनिजांची अदलाबदल करून त्याला तसा बनवते? क्वार्ट्झ आणि फेल्स्पार हे त्या खडकातले मोठे घटक, पण निर्णायक साक्ष त्यांच्याकडून आली नाही. ती दिली खडकात एक टक्काही नसलेल्या, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान कणांनी. ती साक्ष कशी वाचली गेली, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

खडकाची ओळख

ताजा बोव्वार ग्रॅनाइट बारीक पोताचा, पांढरट आणि किंचित जांभळी झाक असलेला दिसतो. जांभळी झाक येते ती लेपिडोलाइट या लिथियमयुक्त अभ्रकामुळे. सोबत क्वार्ट्झ, अल्बाइट म्हणजे सोडियमचा फेल्स्पार, थोडा पोटॅशियम फेल्स्पार आणि टोपाझ. नेहमीच्या ग्रॅनाइटात काळे ठिपके दिसतात ते बायोटाइटचे. इथे ते जवळजवळ नाहीत. लोह, मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि कॅल्शियम या चारही मूलद्रव्यांचा दुष्काळ आहे. याउलट फ्लोरिन दोन टक्क्यांच्या आसपास जाते आणि फॉस्फरसचे ऑक्साइड एका टक्क्याच्या वर. लिथियमचे ऑक्साइड सरासरी ०.९ टक्क्यांच्या घरात आहे. साध्या ग्रॅनाइटाच्या मानाने लिथियमचे हे प्रमाण सुमारे शंभर पट भरते.

वय सुमारे ३१ कोटी वर्षांचे. तेव्हा युरोपात व्हॅरिस्कन पर्वतरांगा उभ्या राहून ढासळू लागल्या होत्या आणि जाड झालेले कवच तळाशी वितळत होते. शेजारीच कोलेतचा मोठा ग्रॅनाइट आहे. तो दोन अभ्रकांचा आणि बोव्वारच्या तुलनेत अगदी साधा.

दुर्मीळ मूलद्रव्ये एरवी कुठे राहतात

वाद समजायला आधी एक गोष्ट नीट पाहावी लागते. कथील, नायोबियम आणि टँटलम ही मूलद्रव्ये प्रत्येक ग्रॅनाइटात थोडी थोडी असतातच. पण तिथे त्यांची स्वतःची खनिजे सहसा सापडत नाहीत. बायोटाइट, इल्मेनाइट, टिटॅनाइट अशा टायटॅनियमयुक्त खनिजांच्या स्फटिकजालात टायटॅनियमच्या जागी ती सामावतात. हाफ्नियम झिरकॉनमध्ये झिर्कोनियमच्या जागी बसते, तर विरल मृदा मूलद्रव्ये (लँथॅनम, सिरियम यांसारख्या धातूंचा गट) मोनाझाइटात आणि ॲपेटाइटात जातात. साध्या ग्रॅनाइटाच्या पातळ कापात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घासून पातळ केलेल्या चकतीत, गौण (अत्यल्प प्रमाणातल्या) खनिजांची यादी म्हणूनच ठरलेली असते: झिरकॉन, ॲपेटाइट, मोनाझाइट, इल्मेनाइट किंवा मॅग्नेटाइट, कधी टिटॅनाइट.

उसाचा रस आटवून साखर काढतात तेव्हा साखरेचे दाणे वेगळे होतात आणि जे त्या दाण्यांत शिरत नाही ते उरलेल्या मळीत दाट होत जाते. शिलारसाचेही तसेच होते. फेल्स्पार आणि क्वार्ट्झ वेगळे होत गेले की त्यांच्या जालात न मावणारी लिथियम, फ्लोरिन, रुबिडियम, सिझियम, कथील, टँटलम यांसारखी मूलद्रव्ये उरलेल्या द्रवात साचतात. त्याच वेळी बायोटाइट आणि इल्मेनाइट यांनी लोह व टायटॅनियम आधीच संपवलेले असते. म्हणजे कथील आणि टँटलम वाढत असतात आणि त्यांना आसरा देणारी खनिजे मात्र बनेनाशी होतात. मग एका टप्प्यावर कॅसिटेराइट आणि कोलंबाइट-टँटलाइट ही त्यांची स्वतःची खनिजे स्फटिकरूप धरू लागतात.

फॉस्फरसची कथा मला यातली सर्वांत बोलकी वाटते. साध्या ग्रॅनाइटात फॉस्फरस ॲपेटाइटात जातो आणि ॲपेटाइटाला कॅल्शियम लागते. बोव्वारच्या शिलारसात कॅल्शियम जवळपास संपलेले होते. त्यामुळे फॉस्फरस वाढत राहिला, काही फेल्स्पारच्या जालात शिरला आणि काही लिथियम व ॲल्युमिनियमशी जोडला जाऊन अँब्लिगोनाइट बनला. विरल मृदांचे नेमके उलटे झाले. अशा ॲल्युमिनियमने भरलेल्या, कॅल्शियम कमी असलेल्या शिलारसातून मोनाझाइट लवकर बाहेर पडतो आणि शेवटच्या द्रवात त्या मूलद्रव्यांचा अंशच उरतो. म्हणून बोव्वारमध्ये विरल मृदांची खनिजे शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. बोहेमियाच्या सीमेवरचा सिनोवेत्सचा ग्रॅनाइट हाही लिथियम-कथलाचाच, पण फॉस्फरस कमी असलेल्या कुळातला. तिथे बास्टनेसाइट आणि सिंकिसाइट यांसारखी विरल मृदांची फ्लुओकार्बोनेटे, झेनोटाइम आणि थोराइट आढळतात. दोन्ही ग्रॅनाइट उच्च विकसित म्हणवतात, पण त्यांच्या गौण खनिजांच्या याद्या समोर ठेवल्या की ती दोन वेगळी घराणी आहेत हे लगेच कळते.

वादाचे दोन पक्ष

१९६० च्या दशकात सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी, विशेषतः बेउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा खडकांना ‘अपोग्रॅनाइट’ म्हटले. त्यांच्या मते मूळ ग्रॅनाइट साधाच. तो थिजल्यावर त्याच्या माथ्याशी साचलेल्या तप्त द्रावांनी पोटॅशियम फेल्स्पारच्या जागी अल्बाइट आणला, अभ्रकात लिथियम भरले, टोपाझ घडवला आणि त्याच प्रवासात कथील व टँटलम आणून ठेवले. ही मांडणी हवेतली नव्हती. अशा ग्रॅनाइटांच्या घुमटाच्या माथ्यावर ग्रायझेन सापडते, म्हणजे फेल्स्पार जाऊन क्वार्ट्झ आणि अभ्रक उरलेला खडक, आणि ते खरोखरच द्रावांचे काम असते. क्वार्ट्झच्या मोठ्या कणांत अल्बाइटच्या बारीक पट्ट्या वर्तुळाकार मांडलेल्या दिसतात. त्याही काहींना अदलाबदलीचा पुरावा वाटत.

दुसरा पक्ष असे ग्रॅनाइट शिलारसातूनच तसे जन्मतात असे मानणारा. त्याला मोठे बळ मिळाले ते मंगोलियातून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोव्हालेंको यांनी तिथल्या ओंगोन खैरखान भागातून ओंगोनाइट या खडकाचे वर्णन केले. तो ज्वालामुखी कुळातला, भेगांत झटपट थिजलेला टोपाझयुक्त खडक, आणि त्याचे रासायनिक घटन या लिथियम-फ्लोरिन ग्रॅनाइटांशी जुळणारे. लवकर थिजलेल्या खडकाला सावकाश अदलाबदल होण्याइतकी सवड मिळत नाही. अशा घटनाचा शिलारस निसर्गात असतो, एवढे त्यातून ठरले. फ्रान्समध्येच लिमोजच्या बाजूला रिशमाँचा रायोलाइट हा बोव्वारच्या जातीचा भेगेतला खडक नंतर नोंदला गेला.

पण असा शिलारस असू शकतो, यावरून बोव्वार तसाच बनला हे सिद्ध होत नाही. त्यासाठी बोव्वारच्या आतच जायला हवे होते, आणि माथ्यावर तर सगळे केओलिन होऊन बसले होते.

१९८५ चे भोक

‘फ्रान्सचे खोल भूविज्ञान’ या राष्ट्रीय कार्यक्रमातले पहिले भोक १९८५ मध्ये एशासिएर येथे घेण्यात आले. त्याची खोली ९०० मीटर. कुजलेल्या माथ्याखालचा ताजा ग्रॅनाइट पहिल्यांदाच सलग गाभ्याच्या, म्हणजे भोकातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, रूपात हाती आला. मिशेल क्यूने आणि आल्बेर ओत्राँ यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाचे निष्कर्ष १९८७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, आणि पुढे क्यूने, मारिन्याक व वाइसब्रोड यांनी १९९२ मध्ये या ग्रॅनाइटातल्या विखुरलेल्या धातुखनिजांचे सविस्तर विश्लेषण मांडले.

गाभ्यावरून ग्रॅनाइटाचे तीन मुख्य भाग ठरले. वरचा बी-१, मधला बी-२, खालचा बी-३. बी-३ पासून बी-१ कडे जाताना लिथियम, कथील, टँटलम आणि फ्लोरिन वाढतात. बी-१ मध्ये टँटलम दर दशलक्ष भागांत शंभरच्या घरात जाते. पृथ्वीच्या कवचात ते सरासरी एक-दोन भाग एवढेच असते.

आता इथे थांबून विचार करावा. वर जाताना धातू वाढतात, हे दोन्ही पक्षांना सोयीचे आहे. हलका, फ्लोरिनने पातळ झालेला, जास्त विकसित शिलारस वर चढला असे एक पक्ष म्हणेल. द्राव वर चढले आणि माथ्याशी अडकून तिथे धातू टाकून गेले असे दुसरा म्हणेल. पूर्ण खडकाची भुकटी करून केलेले पृथक्करण कितीही अचूक असले तरी यातला निवाडा करू शकत नाही, कारण भुकटी करताना कुठला कण कुठे होता हे आपण स्वतःच पुसून टाकतो. निवाड्यासाठी पातळ कापाकडे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधकाकडे, म्हणजे कणातल्या एकेका बिंदूचे रासायनिक घटन मोजणाऱ्या यंत्राकडे, वळावे लागले.

कोलंबाइटच्या कणात काय लिहिलेले असते

नायोबियम आणि टँटलम ही रसायनातली जुळी भावंडे. दोघांचा प्रभार सारखा आणि अणूंचा आकारही जवळजवळ सारखा. इंग्लंडच्या चार्ल्स हॅचेट यांनी १८०१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका काळ्या खनिजात नवे मूलद्रव्य ओळखले आणि त्याला कोलंबियम म्हटले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या एकेबर्ग यांनी टँटलम शोधले. १८०९ मध्ये वोलस्टन यांनी ही दोन्ही एकच असल्याचे जाहीर केले आणि बराच काळ ते मानले गेले. १८४४ मध्ये हाइनरिख रोझे यांनी त्यांचे वेगळेपण पुन्हा दाखवले. प्रयोगशाळेत ज्यांना वेगळे करताना एवढी दमछाक झाली, त्या दोघांना निसर्गातही सहसा कोणी वेगळे करत नाही. उल्कांत आणि बहुतेक खडकांत त्यांचे गुणोत्तर फारसे हलत नाही. नायोबियम टँटलमच्या दहा ते वीस पट, अशाच पट्ट्यात ते राहते.

म्हणून एखाद्या ग्रॅनाइटात हे गुणोत्तर पाचच्या खाली घसरले, तर या जुळ्यांना वेगळे करणारे काहीतरी तिथे घडले आहे हे नक्की. काय घडले असेल? लिनेन आणि केप्लर यांनी १९९७ मध्ये प्रयोगातून दाखवले की ग्रॅनाइटाच्या शिलारसात मँगॅनीज-टँटलाइट हे मँगॅनीज-कोलंबाइटापेक्षा जास्त विरघळते. याचा सरळ अर्थ असा की स्फटिकीभवन सुरू झाले की आधी नायोबियमबहुल कण बाहेर पडतात आणि उरलेला द्रव टँटलमने दाट होत जातो. एकाच कणात मग गाभा नायोबियमचा आणि कडा टँटलमची असायला हवी.

बोव्वारच्या कणांत कल हाच दिसतो. टँटलमचा अणू नायोबियमपेक्षा कितीतरी जड, अणुक्रमांक ७३ विरुद्ध ४१. त्यामुळे परावर्तित इलेक्ट्रॉनांच्या चित्रात टँटलमबहुल भाग उजळ आणि नायोबियमबहुल भाग काळपट येतो, आणि कणाच्या वाढीचे पट्टे डोळ्यांना दिसतात. खालच्या भागापासून वरच्या भागाकडे जाताना कणांचे एकूण घटनही टँटलम आणि मँगॅनीज यांच्या बाजूला सरकत जाते. लोह संपत आल्याची ती खूण.

याहून वजनदार पुरावा कणांच्या जागेचा आहे. कोलंबाइट-टँटलाइट आणि कॅसिटेराइट यांचे कण ग्रॅनाइटभर विखुरलेले आहेत. ते केवळ भेगांच्या कडेने नाहीत, तर क्वार्ट्झ, अल्बाइट, टोपाझ, लेपिडोलाइट यांच्या आत, त्यांच्या वाढीच्या पट्ट्यांत बंदिस्त सापडतात. एखादा कण ताज्या, न बदललेल्या स्फटिकात पूर्ण कोंडलेला असेल आणि त्याच्यापर्यंत जाणारी भेग नसेल, तर तो आजूबाजूचे खनिज वाढत असतानाच तिथे होता असे मानावे लागते. क्वार्ट्झमधल्या अल्बाइट पट्ट्यांनाही हाच न्याय. त्या वाढीच्या वर्तुळांना धरून मांडलेल्या असतील, तर क्वार्ट्झ वाढताना द्रवात तरंगणाऱ्या अल्बाइटला त्याने पोटात घेतले, हा सरळ अर्थ निघतो. अदलाबदलीने असे शिस्तशीर पट्टे पडणे अवघड.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. तप्त पाणी टँटलम वाहून नेऊ शकते का? प्रयोगांचे उत्तर असे की फ्लोरिनने भरलेल्या आम्लधर्मी पाण्यातही टँटलमची विद्राव्यता तुटपुंजीच राहते. थोडे टँटलम कणाकडून कणाकडे हलवायला ती पुरेल. पण एका अख्ख्या ग्रॅनाइटाच्या माथ्याला शंभर पट टँटलम पुरवायला लागणारे पाणी आणि वेळ यांचा हिशेब लावला, तर अपोग्रॅनाइटाची बाजू माझ्या मते टिकत नाही.

झिरकॉनची जोड

झिर्कोनियम आणि हाफ्नियम ही दुसरी जुळी जोडी. ती इतकी सारखी की हाफ्नियम १९२३ पर्यंत कोणाला वेगळे ओळखताच आले नाही. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ते नॉर्वेच्या झिरकॉनमध्ये पकडले. साध्या खडकांत झिर्कोनियम हाफ्नियमच्या सुमारे ३५ ते ४० पट असते. बोव्वारसारख्या ग्रॅनाइटात हे गुणोत्तर पुष्कळ खाली येते आणि झिरकॉन हाफ्नियमने समृद्ध होत जातात. कारण पुन्हा विद्राव्यतेचे. हाफ्नॉन, म्हणजे झिरकॉनचेच हाफ्नियमवाले भावंड, झिरकॉनपेक्षा अशा शिलारसात जास्त विरघळते, हेही लिनेन आणि केप्लर यांनीच २००२ मध्ये दाखवले. दोन स्वतंत्र जोड्या एकाच दिशेने घसरत असतील आणि दोन्ही घसरणींना स्फटिकीभवनाचे एकच स्पष्टीकरण पुरत असेल, तर ते स्पष्टीकरण मला एका जोडीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटते.

फ्लोरिन, लिथियम, फॉस्फरस आणि पाणी यांनी आणखी एक काम केले. नेहमीचा पाणीदार ग्रॅनाइट साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सियसला पूर्ण थिजतो. ही मूलद्रव्ये असली की थिजण्याचे तापमान ६०० अंशांच्याही खाली उतरते आणि द्रव पातळ राहतो. त्यामुळे शिलारसाला उशिरापर्यंत वाहायला, स्फटिकांपासून सुटायला आणि भागाभागाने वर चढायला अवसर मिळाला. बी-१, बी-२, बी-३ हे क्रमाने घुसलेले शिलारसाचे हप्ते असावेत, ही मांडणी याच्याशी जुळते.

मग पाण्याने काहीच केले नाही का?

केले, आणि ते नाकारले तर हे प्रकरण अर्धेच वाचले जाईल. कोलंबाइट-टँटलाइटच्या काही कणांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात आणि त्यांच्याभोवती किंवा भेगांत मायक्रोलाइट आढळतो. मायक्रोलाइट हे कॅल्शियम, सोडियम आणि टँटलम यांचे ऑक्साइड, युरेनियमही सामावून घेणारे. कॅल्शियमचा शिलारसात दुष्काळ होता हे आपण पाहिले. ते पुन्हा हजर झाले, याचा अर्थ शेवटच्या टप्प्यात रसायन बदलले होते. अँब्लिगोनाइटाचे बदल, ग्रायझेन, आणि त्यानंतर खूप उशिरा झालेले केओलिनीभवन ही सारी पाण्याचीच कामे.

२०१६ मध्ये बालुआर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न नव्या रूपात पुढे आणला. ॲल्युमिनियमबहुल ग्रॅनाइटांचे मोठे संकलन मांडून ते म्हणाले की नायोबियम-टँटलम गुणोत्तर पाचच्या खाली नेणे केवळ स्फटिकीभवनाला जमत नाही, तिथे शिलारस आणि द्राव यांच्या संधिकालाचा हातभार लागतो. यावर हरकती घेतल्या गेल्या. अभ्रके टँटलमपेक्षा नायोबियम जास्त ओढून घेतात, त्यामुळे अभ्रकांच्या दीर्घ स्फटिकीभवनानेही गुणोत्तर बरेच घसरू शकते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. माझा कल असा की पाच हा आकडा सीमेवरच्या पाटीसारखा वाचू नये. एका गुणोत्तरावरून एका ग्रॅनाइटाचा इतिहास ठरवण्याऐवजी त्याच खडकातले दहा-वीस कण उघडून पाहावेत. गाभ्यापासून कडेकडे शिस्तीने वाढणारे टँटलम ही शिलारसातल्या वाढीची खूण आहे. कुरतडलेली कड, ठिगळांसारखे विस्कटलेले पट्टे, सच्छिद्र आणि ढगाळ झिरकॉन ही नंतरच्या द्रावांची. बोव्वारमध्ये दोन्ही आहेत, आणि पहिल्यावर दुसरे चढलेले आहे. हा क्रमच या प्रकरणाचे उत्तर आहे.

ला बोसचा टंगस्टन

एशासिएरच्या परिसरात टंगस्टनही आहे. माँमँ येथे वूल्फ्रॅमाइटची खाण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली, आणि बोव्वारच्या अगदी लगतच्या सुभाजा (पातळ पापुद्र्यांत सुटणाऱ्या) खडकात ला बोस येथे वूल्फ्रॅमाइटधारी क्वार्ट्झ शिरांचे दाट जाळे आहे. दुर्मीळ धातूंचा ग्रॅनाइट आणि त्याच्या शेजारी टंगस्टनच्या शिरा म्हटल्यावर कोणीही म्हणेल की शिरा त्याच ग्रॅनाइटाच्या. अभ्यासाने उलटे दाखवले. शिरांचे जाळे बोव्वारच्या आधीचे आहे. ग्रॅनाइट नंतर त्यात घुसला आणि त्याच्या द्रावांनी जुन्या शिरांनाही ग्रासले. त्या टंगस्टनचा मूळ जनक खोल दडलेला दुसराच कोणी ग्रॅनाइट असावा.

विदर्भात नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना परिसरात साकोली पट्ट्याच्या खडकांत टंगस्टनची खनिजे आहेत. तिथे काम करणाऱ्याला ला बोसचा हा धडा थेट उपयोगी आहे, कारण जवळचा ग्रॅनाइट हाच जनक असे गृहीत धरून शोध आखला तर भोके चुकीच्या जागी पडतात. बस्तरमध्ये गोष्ट वेगळी. तिथले कथील आणि कोलंबाइट-टँटलाइट पेग्मटाइटात आहे, म्हणजे हाताएवढ्या स्फटिकांच्या भरड खडकात, जिथे कण डोळ्यांनी दिसतात. बोव्वारचे वैशिष्ट्य असे की तीच मूलद्रव्ये बारीक पोताच्या खडकात सर्वत्र विखुरलेली आहेत. नुसत्या डोळ्यांनी बी-१ चा तुकडा पाहणाऱ्याला त्यात टँटलम आहे असे वाटणारही नाही.

खाणीच्या दृष्टीने

ऑक्टोबर २०२२ मध्ये केओलिन काढणाऱ्या इमेरिस कंपनीने इथे ‘एमिली’ हा लिथियम प्रकल्प जाहीर केला. भूमिगत खाण आणि वर्षाला ३४,००० टन लिथियम हायड्रॉक्साइड, तेही २०२८ पासून, असे तेव्हाचे उद्दिष्ट होते. २०२४ मध्ये त्यावर फ्रान्समध्ये अधिकृत सार्वजनिक चर्चा घेण्यात आली. पाणी, जंगल आणि गावांचे भविष्य हे तिथले मोठे मुद्दे होते आणि ते तसे असणे रास्तच आहे. खनिजशास्त्राच्या बाजूने मात्र एक गोष्ट या चर्चांत मागे पडते, ती इथे नोंदवतो.

०.९ टक्के लिथियम ऑक्साइड हा आकडा पूर्ण खडकाचा. त्यातले बहुतेक लिथियम लेपिडोलाइटात आहे आणि तो फेसाच्या पद्धतीने तरंगवून वेगळा करता येतो. पण काही लिथियम अँब्लिगोनाइटात आहे, आणि तो अभ्रक नाही, फॉस्फेट आहे. अभ्रकासाठी आखलेल्या प्रक्रियेत तो आपोआप येत नाही. जिथे अँब्लिगोनाइट जास्त, तिथे पृथक्करणाचा आकडा आणि हाती येणारे लिथियम यांत अंतर पडणार. टँटलमचेही तसेच. कोलंबाइट-टँटलाइट जड आहे, पाण्याच्या टेबलांवर गुरुत्वाने वेगळा होतो, आणि केओलिनच्या खाणीत तो तसाच मिळत आला. कुजलेल्या माथ्यात फेल्स्पार मऊ मातीत बदललेला असल्याने कण न दळता मोकळे होतात. खालच्या ताज्या खडकात तेच कण क्वार्ट्झ आणि टोपाझ यांच्या पोटात कोंडलेले आहेत, म्हणून बारीक दळावे लागेल. दळणात मऊ आणि ठिसूळ भाग भुकटी होऊन चिखलासोबत निघून जातो. शिलारसातल्या जन्माचा जो पुरावा, म्हणजे कण स्फटिकांत बंदिस्त असणे, तोच खाणवाल्याच्या खर्चाचे कारण ठरतो.

मायक्रोलाइटाचा हिशेब तर वेगळाच ठेवायला हवा. त्यात युरेनियम सामावलेले असते. टँटलमच्या सांद्रितात, म्हणजे वेगळ्या काढलेल्या दाट मालात, मायक्रोलाइटाचा वाटा किती, यावर त्या मालाची किरणोत्सर्गाची पातळी ठरते आणि वाहतुकीचे नियमही. म्हणून गाभ्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी केवळ टँटलमचा आकडा पुरत नाही. त्यातले किती कोलंबाइट-टँटलाइटात, किती मायक्रोलाइटात आणि किती कॅसिटेराइटाच्या जालात विरघळलेले, हेही लागते. हे काम स्वयंचलित इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आज करता येते. खर्चिक आहे, पण भोके घेण्याच्या खर्चापुढे किरकोळ.

कोलंबाइटचा कण घड्याळाचेही काम करतो. वाढताना तो थोडे युरेनियम घेतो, पण शिसे फारसे घेत नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारे शिसे बहुतांशी युरेनियमच्या क्षयातून आलेले असते आणि त्यावरून वय काढता येते. या पद्धतीने बोव्वारच्या कोलंबाइटाचे वय काढले गेले आहे. युरेनियमने भरलेले आणि स्वतःच्याच किरणोत्सर्गाने जाल मोडलेले झिरकॉन अशा ग्रॅनाइटांत वयासाठी भरवशाचे राहत नाहीत, तिथे हे विशेष मोलाचे. मात्र वय काढण्याआधी कणाचे परावर्तित इलेक्ट्रॉनांचे चित्र घेऊन लेसरचा ठिपका शिस्तशीर पट्ट्यांच्या गाभ्यात पडतो की कुरतडलेल्या कडेवर, हे पाहून घ्यावे लागते. गाभ्यातला ठिपका शिलारसाच्या थिजण्याचे वय सांगतो. कडेवरच्या ठिपक्यात नंतरच्या पाण्याची भेसळ असू शकते.